सतरा मिनिटं, पन्नास एमबी

मेल आला तेव्हा मी साबणाच्या जाहिरातीतला फेस दोन सेकंदांनी लांबवत होते. सकाळचे साडेदहा. सुनावणी कार्यालयाकडून, विषयाच्या जागी आईच्या प्रकरणाचा क्रमांक, आत तीन ओळी. निवेदन देणाऱ्या बाईंची बोटं वाचता येत नाहीत असं दुभाष्यांनी कळवलं आहे. आज दुपारी चारपर्यंत स्पष्ट फाइल मिळाली नाही तर उपलब्ध लेखी मतावरून निर्णय घेतला जाईल. फेस पडद्यावर तसाच फुगून थांबला होता. उपलब्ध लेखी मत म्हणजे दादाचं. दोन पानं, टाइप केलेली, अकरा मुद्दे : आईला ऐकू येत नाही, वय एकाहत्तर, वडील गेल्यापासून ती एकटी राहते, महिन्यापूर्वी दूध जळून घरभर धूर झाला आणि तिला पत्ता नव्हता, सबब तिची जबाबदारी कायद्याने माझ्याकडे द्यावी, म्हणजे मला तिला माझ्या घरी हलवता येईल. सबब हा शब्द दादा एरवी आयुष्यात वापरत नाही. आईचं म्हणणं यावर एवढंच होतं की मी माझ्या घरात राहणार, आणि ते का, हे ती कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या हातांनी बोलली होती, मी ते चित्रित केलं होतं, मी ते संपादित केलं होतं, मी ते पाठवलं होतं. सोळा वर्षं मी हेच काम करते. बोटं वाचता येत नाहीत.

मी फाइल उघडली. बोटं वाचता येत होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, आई खुर्चीत बसली आहे, मागे गॅलरी, कुंड्यांतली पानं हलताहेत, आणि आई बोलते आहे, सगळं कळतंय, दुभाष्याला चष्मा लागला असेल, असं काहीतरी मी तोंडाने पुटपुटलेसुद्धा. मग एका ठिकाणी चित्र थांबवलं. कुठेही, सहज. आणि तिथे आईच्या मनगटापुढे बोटं नव्हती. मनगटापुढे कातडीच्या रंगाचा एक ढग होता, चौकोनी कडांचा, भिजलेल्या कागदावर शाई फुटावी तसा. पुढची फ्रेम, ढग. त्याच्या पुढची, ढगात एक नख. हात स्थिर झाला की बोटं परत येत होती, हलला की जात होती, आणि आई तर हलतानाच बोलते. मग मला कसं कळलं? कारण मी वाचतच नव्हते. आईचा खांदा उचलला की मला कळतं ती 'नाही' म्हणणार, भुवया कुठे जाणार यावरून पुढचा शब्द कळतो, अंधारात तिने पाठीवर टेकवलेल्या हाताच्या वजनावरून कळायचं की आता रागावणार. अख्ख्या जगात ही फाइल तपासायला एक माणूस नालायक होतं आणि तपासणीचं काम त्याच माणसाने केलं होतं, पाठवण्याआधी दोनदा.

आणि हे पहिल्यांदाच केलं असंही नाही. आठ वर्षांची असताना दवाखान्यात आई डॉक्टरांना सांगायची आणि डॉक्टर माझ्याकडे बघायचे. आई सांगायची : दुखणं इथून सुरू होतं, इथे येऊन बसतं, बसतं म्हणजे मांजर बसतं तसं, सकाळी उठत नाही, संध्याकाळी वळतं, परवा पाहुणे आले तेव्हा दुपारभर नव्हतं. मी म्हणायचे, "पोटात दुखतंय म्हणते." डॉक्टर म्हणायचे, "एवढंच?" "एवढंच." मला घरी जायचं असायचं. मला बाकावर बसलेल्या बायकांच्या नजरा नको असायच्या. आणि मांजर बसतं तसं हे आठ वर्षांची मुलगी एका मोठ्या माणसाला कसं सांगणार? दुकानात, शाळेच्या सभेत, घरमालकासमोर, सगळीकडे आईची दहा वाक्यं माझ्या तोंडातून एक होऊन निघायची. आई माझ्या ओठांकडे बघत असायची. तिला कळायचं. ओठ किती वेळ हलले हे कळायला कान लागत नाहीत. एकदा बसस्टॉपवर तिने विचारलं होतं : मी इतकं बोलले, तू इतकंसं बोललीस. बाकीचं कुठे गेलं? मी म्हटलं होतं, त्यांच्या भाषेत छोटं होतं. आईला ते पटलं. निदान तिने तसं दाखवलं. दादा या सगळ्यात नव्हता, तो मामांकडे राहून शिकला, सुट्टीला यायचा तेव्हा आईशी बोलायला मी मध्ये लागायचे, आणि त्याचंही मी छोटं करायचे, दोन्ही बाजूंनी.

"ताई, तो फेस कधीचा फुगलाय," दाढी म्हणाला. दाढी म्हणजे शेजारच्या टेबलावरचा रंग दुरुस्त करणारा. त्याने दाढी काढली त्याला चार वर्षं झाली, नाव राहिलं. मी त्याला मेल दाखवला, ढग दाखवला. त्याने दोन मिनिटं खुर्ची मागे-पुढे केली. "कुठला प्रीसेट लावलास?" सॉफ्टवेअरमधला तयार मापांचा प्रीसेट. 'वेबसाठी, लहान'. सगळे लावतात तो. "आणि पन्नास एमबीच्या वर घेत नाहीत?" नाही घेत. "मग आता काय, टाइमलाइनवरून परत काढ. दर्जा एक पाऊल वर लाव, बसलं तर बसलं." नाही बसलं तर? "एक पाऊल खाली."

हे आमच्या धंद्याचं शहाणपण. चुकतं असंही नाही. टाइमलाइनवरून, म्हणजे तुकडे जोडून मांडलेल्या पट्टीवरून, थेट लहान फाइल काढायची, एकदाच दाबायचं, एकदाच बिघडेल. आधी मोठी मास्टर काढायची आणि मग तिच्यावरून लहान करायची, तर वेळ जातो, आणि दाढीच्या मते ते कपडे इस्त्री करून मग पिळण्यासारखं आहे. "दोन टप्पे कशाला? मध्ये अजून एकदा चुरगळणार." मी म्हटलं, मास्टर चुरगळत नाही, मास्टर घडी न घालता ठेवायची असते, तिच्यात काही टाकायचं नसतं, म्हणून तर ती भलीमोठी होते. थेट काढली तर प्रत्येक प्रयोगाला सगळे जोड, सगळे रंग पहिल्यापासून शिजणार, आणि मला आज एक प्रयोग नाही करायचा, मला आठ-दहा करायचेत, चार वाजेपर्यंत. मास्टर एकदा काढली की नंतरचे प्रयोग झटपट, आणि फाइल लहान करणाऱ्या यंत्रालाही सांगता येतं की आधी सगळं एकदा नुसतं बघून घे, कुठे हात हलतोय, कुठे स्थिर आहे, आणि मग दुसऱ्या फेरीत पीळ. जिथे हलतंय तिथे जास्त जागा दे. दाढी म्हणाला, "पोस्टाच्या तिकिटाएवढ्या बाईसाठी एवढं?" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "साबण मी करतो. तू बस."

अकरा वाजता मी आईची टाइमलाइन उघडली. मास्टर काढायची म्हणून उघडली, पण टाइमलाइन उघडली की आपलीच कात्री दिसते. प्रत्येक जोडावर एक बारीक उभी रेघ. चित्रीकरण सतरा मिनिटांचं होतं, पाठवलं अकरा. सहा मिनिटं मी काढली होती. कशाला? सवयीने. आई एकच खूण पुन्हा पुन्हा करते ते कंटाळवाणं वाटेल म्हणून. पण खुणांच्या भाषेत पुन्हा करणं म्हणजे पुन्हा सांगणं नाही. 'जाणं' एकदा केलं तर जाणं, चारदा केलं तर रोज जाणं, हळू हळू चारदा केलं तर वर्षानुवर्षं जात राहणं. मी आईचं 'वर्षानुवर्षं राहत आले' कापून 'राहते' केलं होतं. आणि एक सव्वा मिनिटाचा तुकडा होता, तो मी सवयीने काढला नव्हता, तो विचार करून काढला होता. दुधाचा. त्यात दादा होता. मला वाटलं घरातलं घरात राहावं, कार्यालयात दादाची चूक नको, आई जिंकावी आणि दादाही हरू नये, असं काहीतरी गोड मध्यममार्गी मला त्या रात्री सुचलं होतं आणि मी स्वतःवर खूशही झाले होते. मी तो तुकडा परत जागेवर ओढला. मग पुढचा. मग सगळे. एकेक उभी रेघ मिटत गेली, शेवटी टाइमलाइनवर एकच अखंड पट्टी, सतरा मिनिटं, एकही जोड नाही. आता गणित आणखी वाईट झालं. त्याच पन्नास एमबीत दीडपट लांबी. प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला जेवढी जागा आधी येत होती तिच्या दोन तृतीयांश. एवढ्याशा जागेत बोटं बसवायची होती.

आईला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे फोन आला की दिवा लुकलुकतो. ती समोर आली, केस ओले, खांद्यावर टॉवेल. मी खुणांनी सांगितलं, गेलं नाही, बोटं दिसली नाहीत, चूक माझी.

आई : किती दिसली?

मी : हलताना अजिबात नाही.

आई : मग अकरा मिनिटं ते काय बघत होते? माझी साडी?

मी हसले. मग विचारलं, आवाज काढून टाकू का. कारण फाइलमध्ये आवाजही असतो आणि तो जागा खातो, आत्ताच्या हिशेबाने तिसरा हिस्सा. सतरा मिनिटं रस्त्यावरच्या गाड्या, शेजारचा कुकर, आणि आईचा गळा. आई बोलताना गळ्यातून आवाज करते, तिला तो ठाऊक नाही, दादाला लहानपणी त्याची लाज वाटायची आणि मला लाज वाटायची की मला वाटत नाही असं मी दाखवते. मला तो आवाज ठेवायचा होता. कार्यालयातल्या कुणाला तरी ऐकू जावा. खोलीत एक माणूस आहे हे कळावं. 

आई : मी आवाजात काही सांगितलं का?

मी : नाही.

आई : मग तो कुणाचा आहे?

मी पुढचं विचारलं, मागची गॅलरी. प्रत्येक पान हलतं आणि प्रत्येक हलणारं पान तुझ्या बोटाची जागा खातं, यंत्राला पान आणि बोट सारखंच. मागे सपाट राखाडी रंग भरला तर सगळी जागा हातांना मिळेल. पण मग घर दिसणार नाही, आई. तू ते कसं ठेवलंयस ते दिसणार नाही. तू म्हणाली होतीस ना, कुंड्या बघू देत त्यांना.

आई : कुंड्यांना विचारलंय का त्यांनी काही? आणि ती टॉवेलने केस पुसायला लागली. म्हणजे हात गुंतले, म्हणजे बोलणं संपलं. माझी आई अशी फोन ठेवते.

मी कामाला लागले. मागची गॅलरी झाकली. आईच्या कडेने एकेक ठिकाणी रेघ सरकवत, जिथे पदर खांद्यावरून घसरतो तिथे थांबून, जिथे कोपर चौकटीबाहेर जायला बघतं तिथे चौकट रुंद करून. खाली कमरेपर्यंत, वर डोक्यावर चार बोटं, बाजूला हात पसरतील तेवढं. घर गेलं. नंतर आकार गेला, चित्र आधीच्या निम्मं केलं, कारण कार्यालयात कुणी भिंतीएवढ्या पडद्यावर बघणार नाही, लहान पण धारदार हवं. आवाज गेला. एक गोष्ट मात्र नाही जाऊ दिली. आई सेकंदाला पन्नास फ्रेमनी चित्रित झाली होती, प्रीसेटने निम्म्या फेकल्या होत्या, न विचारता, आणि आईची अर्धी अक्षरं त्या फेकलेल्यांत होती. दाढी मागून बघत होता. "फ्रेम निम्म्या कर ना, केवढी जागा सुटेल." नाही. "सगळे करतात." करू देत. मास्टर निघायला पन्नास मिनिटं लागली. तेवढा वेळ मी काहीच केलं नाही. डबा उघडून बंद केला. आयुष्यभर माझा पहिला विचार असतो की कुठे कापता येईल, आणि आज मी कापतच होते, घर, आवाज, आकार, पण पहिल्यांदाच जे आईचं बोलणं नव्हतं ते कापत होते. हे सुचल्याचाही मला आनंद झाला नाही. ते फार उशिरा सुचलं होतं.

मास्टरवरून दुधाच्या तुकड्यातलं कठीणातलं कठीण पाऊण मिनिट वेगळं काढलं आणि त्याच्यावर प्रयोग. पहिला, ढग. दुसरा, ढग कमी, पण डोळे मेणाचे. डोळे आणि भुवयाही शब्द असतात, म्हणून परत. चौथ्यात बोटं आली. पाचव्यात अंगठा तर्जनीला टेकतो की नुसता जवळ जातो ते दिसलं. की दिसलं असं मला नुसतं वाटलं? इथे मी थांबले. सव्वादोन. मला दिसतंय याला काही अर्थ नव्हता. मला ढगातही दिसलं होतं. दाढीला खुणा येत नाहीत. आईच्या मैत्रिणी तिला चाळीस वर्षं ओळखतात, त्याही ढगात वाचतील. मला असं माणूस हवं होतं ज्याला भाषा येते पण जेमतेम, जे आईला अंदाजाने ओळखत नाही, आणि ज्याला कळून घ्यायची घाई नाही, उलट न कळलं तर बरंच. असं माणूस मला पाठ होतं. त्याचा नंबरही.

"बोल," दादा म्हणाला. मागे गाड्यांचा आवाज, तो कुठेतरी बाहेर होता.

"तुला एक क्लिप पाठवतेय. पाऊण मिनिट. काय दिसतं ते मोठ्याने वाच."

"कसली?"

"आईची."

"माझ्याकडून अभ्यास करून घेतेस?" मग थोडं थांबून, "हे तुझ्या बाजूचं आहे ना? आणि मला विचारतेस?"

"कुणाच्या बाजूचं नाही. बोटं दिसतात का तेवढं सांग. तुला कळलं तर कुणालाही कळेल."

"थँक यू हं," दादा म्हणाला. पण गाडी कडेला घेतल्याचं ऐकू आलं, आणि इंजिन बंद झालं.

मी फोन स्पीकरवर ठेवला. दाढीने न सांगता साबणाचा आवाज बंद केला. दादा वाचायला लागला. तो लहान मुलं पाटी वाचतात तसा वाचत होता, एकेक शब्द सुटा, आणि मला त्याच्या तोंडून आई ऐकू येत होती, छोटी न केलेली.

"दूध. ठेवलं. दूध... वर... नाही, अजून वर नाही. मी बघते. मी उभी. बघते." थांबला. "दिवा. दिवा लुकलुक. दारावर. दार उघडलं... हे काय केलं तिने? कपाळाला हात. हां. मुलगा. मुलगा आला." पुन्हा थांबला. "थांब, मागे घेतो."

"घे."

"मुलगा आला. मुलगा बोलतो. बोलतो, बोलतो, बोलतो..." तो हसला, नकळत. "किती वेळा तेच?"

"मोज."

तो मोजत असावा. "सात. सात वेळा. आणि शेवटचं हळू." मग त्याचा आवाज बदलला, म्हणजे वाचण्याचा वेग बदलला. "ऐकणारी माणसं... कान इकडे, डोळे तिकडे. दूध बघतात, ऐकतात. माझे... माझे कान इथे." तो थांबला. मला माहीत होतं तिथे आई काय करते. दोन बोटं डोळ्यांपाशी नेते. "माझे कान डोळ्यांत. मुलाचं तोंड बघू की दूध बघू? मी... मुलगा बघितला."

मागे गाड्या चालू होत्या. एखादी जवळून जायची तेव्हा त्याचा श्वास बुडायचा.

"मी काय बोलत होतो तेव्हा?" दादाने विचारलं. त्याला माहीत होतं. मलाही. तो तिला सांगत होता की तू एकटी राहू शकत नाहीस. सात वेळा, शेवटचं हळू. तो हे सांगत असताना ती ते ऐकत होती, आणि तिच्या ऐकण्यात दूध जळलं.

"पुढे आहेत अजून पाच सेकंद, धुराचे," मी म्हटलं.

"बघितले." मग एकदम, मोठा भाऊ, जसा तो नळ बंद करायला, लवकर झोपायला सांगायचा तसा : "हे नको पाठवूस."

  याच्यापेक्षा स्पष्ट दाखला मला कुणी दिला नसता. अंगठा टेकला होता. भुवया शाबूत होत्या. सातही दिसले होते.

"दिसलं ना पण?"

"दिसलं." मग, "मी त्यांना फोन करून सांगतो हवं तर. दुधाचा मुद्दा मागे घेतो. ते एवढं... तू अकरा मिनिटांचं दिलं होतंस ना, त्याची मला प्रत आली, तेच स्पष्ट करून दे. मी सांगतो त्यांना काय ते."

तो मनापासून म्हणत होता. ते मला कळलं. आणि अकरा मिनिटांची फाइल माझ्याकडे अजून होती, तीच कृती तिच्यावर केली तर तिच्यात बोटं आणखी छान आली असती, दीडपट जागा, सगळे खूश, दादाचा मुद्दा मागे, आईचं घर आईकडे, आणि पुन्हा कुणीतरी आईच्या वतीने काय ते सांगितलेलं. हे सगळं मी पाहिलं. ते फार सोयीचं होतं. हात त्या बाजूला गेलाही असता, या हाताला वळण तेच आहे.

"दादा, तू तुझं सांग त्यांना. फोन कर, मुद्दा मागे घे, घेऊ नकोस, तुझं तू बघ. हे तिचं आहे, सतरा मिनिटं."

"सतराच्या सतरा?"

"सतराच्या सतरा."

पाचव्या प्रयोगाची मापं पूर्ण मास्टरला लावली. पहिली फेरी, यंत्र नुसतं बघत होतं. दुसरी फेरी, पिळत होतं. दादाने फोन ठेवला नव्हता.  एकदा त्याने विचारलं, "किती झालं?" मी म्हटलं, "साठ टक्के." एकदा म्हणाला, "डोळ्यांत कान, हे ती आधी कधी म्हणाली होती का?" मी म्हटलं, "म्हणाली असेल. मी सांगितलं नसेल." साडेतीनला फाइल तयार झाली. एकोणपन्नास पूर्णांक दोन. मी ती आरंभापासून पाहिली नाही. माझ्या पाहण्याचा उपयोग नव्हता.

कार्यालयाचं पान उघडलं. प्रकरण क्रमांक. फाइल जोडा. जोडली, पट्टी भरत गेली, शंभर. पुढे जाईना. खाली लाल तारांकित एक रकाना राहिला होता, अनिवार्य : निवेदनाचा आशय थोडक्यात, जास्तीत जास्त दोनशे अक्षरं. मला येतं हे. याच्याइतकं मला दुसरं काहीच येत नाही. दोनशे कशाला, चाळीसात बसवलं असतं.

मी लिहिलं, आशय फाइलमध्ये आहे, कृपया पूर्ण पाहावी. आणि दाबलं.